तेरा वजनांची स्प्रिंग

स्प्रिंगचा खरा आकडा मी कधी कुणाला सांगत नसे. बायकोलासुद्धा नाही. तिने कधी विचारला नाही, ही गोष्ट वेगळी.

नाशकातल्या सातपूरला माझी पत्र्याची शेड होती. त्याआधी आठ-दहा वर्षं मी एका स्प्रिंगच्या कारखान्यात तार गुंडाळायच्या मशीनवर होतो. आणीबाणी उठल्यावर तिथलं काम सोडलं आणि स्वतःचं सुरू केलं. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत, तीही धरून-बांधून. पण लाल झालेल्या तारेकडे बघून ती आता तेलात बुडवायची की अजून थांबायचं, हे मला भल्याभल्या इंजिनिअरपेक्षा आधी कळायचं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. खरं आहे म्हणून सांगतो.

स्प्रिंग तपासायला मी स्वतःच्या हाताने एक घोडी केली होती. दोन लोखंडी खांब, त्यांच्यात वरखाली सरकणारी पाटी, पाटीखाली स्प्रिंग, बाजूला खिळ्याने ठोकलेली मोजपट्टी आणि तिच्यावर सरकणारा पाटीचा काटा. धान्याच्या एका आडत्याकडून वीस-वीस किलोची जुनी वजनं आणली होती. ती एकेक करून पाटीवर ठेवायची. स्प्रिंग एक इंच दबायला जितकी वजनं लागली तो तिचा आकडा. सात वजनं लागली तर सातची स्प्रिंग, दहा लागली तर दहाची. कंपन्यांतली माणसं वेगळ्या भाषेत बोलत, पण माझ्या शेडमध्ये हीच भाषा.

या घोडीभोवती मी गोणपाटाचा पडदा लावला होता आणि पडद्याला सुतळीची गाठ मारत होतो. त्याला कारण घडलं होतं. सुरुवातीला एकाने चहा पिता पिता ट्रकच्या पाट्याबद्दल, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगबद्दल, विचारलं आणि मी भोळेपणाने सगळं सांगितलं. दोन महिन्यांत शहराच्या दुसऱ्या टोकाला अंबडला तसाच पाटा दुसऱ्याच्या नावाने विकायला आला. त्या दिवसापासून मी नियम केला. कुणीही विचारलं की दोन-चार वजनं कमी करून सांगायची. कधी पाच. विचारणारा खूश, आणि आपला माल आपल्याकडे.

आता साडूबद्दल सांगतो. माझ्या बायकोची धाकटी बहीण त्याला दिलेली. अंबडला घराच्या पुढच्या खोलीत तो शॉकअप दुरुस्त करायचा. ज्याला गाडीतलं काही कळत नाही त्याच्यासाठी सांगतो, खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि गाडीला परत वर फेकते. ते फेकणं आवरून धरायचं काम शॉकअपचं. आत तेल असतं, तेलात दट्ट्या फिरतो, दट्ट्याला बारीक भोकं आणि भोकांवर कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या. तेल त्या चकत्या उचलून वाट काढतं. चकत्या जास्त, तर वाट अवघड. एवढंच. त्या काळी माझं मत होतं की स्प्रिंग म्हणजे गाडीचा पाय आणि शॉकअप म्हणजे तेल भरलेली नळी.

साडू हडकुळा, बोलायला कमी. एकेक प्रश्न विचारायचा आणि उत्तर खिशातल्या वहीत लिहायचा. लिहून घेणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय. ऐकणारा विसरू तरी शकतो. लिहिणारा घेऊनच जातो.

ऐंशी साल उलटून गेल्यावरची गोष्ट. दिंडोरीकडचा एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडे गाडी घेऊन आला. मुंबईला टॅक्सीला असते तीच गाडी, पण आतून सगळी सोललेली. मागच्या सीट नाहीत, दारांचे पत्रे नाहीत, डोक्यावर पाइपांचा पिंजरा. चाळिशीचा माणूस, पण शर्यतीचं वेड. इगतपुरीच्या अलीकडे एका धरणाच्या कामासाठी केलेला चढाचा रस्ता होता. तिथे रविवारी गाड्या एकामागून एक सोडणार होते, घड्याळ लावून.

"मिस्त्री, वळणावर गाडी लय एका अंगाला झोपती," तो म्हणाला. "पुढून कडक करा. अशी करा की तिला झोप याला नाय पाहिजे."

"करतो," म्हटलं. "पण मी कशी करतो ते विचारायचं नाही."

"मला काय करायचंय? मला पळवायची हाय. आन् शॉकअप मी तुमच्या साडूंना दिलेत करायला."

इथे माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. साडूचं नाव याला कुणी सांगितलं? मी तर सांगितलं नव्हतं.

त्या गाडीची कंपनीची स्प्रिंग सातची होती. मी तिच्यापेक्षा अर्धा सूत जाड तार घेतली आणि एक वेढा कमी केला. घोडीवर लावली तर तेरा वजनांना इंच दबली. तेरा! तशी स्प्रिंग नाशकात त्या गाडीला कुणी केलेली नव्हती. मी नेहमीप्रमाणे तीन केल्या, दोन गाडीला आणि एक जादा. जादाची पडद्यामागे ठेवली आणि गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी साडू स्कूटरवरून हजर.

"साडूभाऊ, पुढच्या स्प्रिंगा कितीच्या केल्या?"

"आठच्या."

"मूळच्या?"

"सातच्या."

"म्हणजे एकानेच वाढवल्या?"

"एक पुरे होतो. हात बसलेला असला की पुरे होतो."

त्याने वहीत आठ लिहिलं. पेन्सिल तशीच धरून म्हणाला, "वेढे किती ठेवले?"

"तुम्हाला वेढ्यांशी काय करायचंय? तुम्ही आपलं तेल भरा."

तो हसला नाही, रागावलाही नाही. पेन्सिल कानावर ठेवून निघून गेला. मी बायकोला म्हटलं, "तुझ्या बहिणीचा नवरा वेढे विचारून गेला. आज वेढे विचारले, उद्या तार विचारेल." ती म्हणाली, "शॉकअप त्यांनी करायचेत तर कुणाला विचारणार? वॉचमनला?"

सोमवारी शॉकअप आले, गाडीला चढले, माझ्या स्प्रिंगा चढल्या. दिसायला गाडी अशी ताठ उभी राहिली की मला माझाच अभिमान वाटला. मी बॉनेटवर दोन्ही हात टेकून जोर दिला आणि सोडला. चांगली गाडी अशा वेळी एकदा वर येते आणि बसते. ही वर आली, खाली गेली, परत वर आली, परत खाली. मी मनात म्हटलं, नवीन आहे, बसेल.

बागायतदार सातपूरच्या मागच्या रस्त्याला नाल्याच्या फरशीवरून चक्कर मारून आला. उतरला तेव्हा कपाळ पुसत होता.

"मिस्त्री, ही तर बेडकावानी उड्या मारती! चाक रस्त्याला टेकतच नाय."

माझ्या डोक्यात तेव्हाच लख्ख उजेड पडला, असं मला वाटलं. तेल पातळ घातलंय. साडूने तेलात काहीतरी केलंय. शॉकअप ढिले, म्हणजे गाडी उडणार, म्हणजे नाव कुणाचं जाणार? स्प्रिंग नवी, सगळे स्प्रिंगलाच नावं ठेवणार. आणि मग एक दिवस साडू स्वतःच्या स्प्रिंगा बाजारात आणणार.

बुधवारी मी बाजारातून परत आलो तर बायको म्हणाली, "अंबडचे आले होते. बसले, चहा घेतला, गेले."

"शेडमध्ये गेले होते?"

"मी घरात भाकऱ्या टाकत होते. मला काय माहीत?"

मी शेडमध्ये गेलो. पडद्याची गाठ बघितली. मी गाठ मारतो ती फास काढून, ओढली की सुटते. तिथे दोन फेऱ्यांची घट्ट गाठ होती. वजनांच्या उतरंडीत चिरलेलं वजन मी नेहमी सगळ्यात खाली ठेवतो. ते वरून दुसरं होतं. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. घरात चोर शिरलेला बघितला असता तरी मला इतका संताप आला नसता.

गुरुवारी बागायतदार मला धरणाच्या रस्त्यावर घेऊन गेला. म्हणाला, डोळ्यांनी बघा. ड्रायव्हरशेजारी सीट नव्हती, मी गोणपाटावर बसलो आणि पिंजऱ्याचा पाइप धरला. चढ सुरू झाला. सरळ रस्त्याला गाडी ठीक होती. तिसऱ्या वळणावर डांबर उखडलं होतं, आणि तिथे डाव्या हाताला कठडा म्हणजे नुसते चुना लावलेले दगड. त्यांच्यापलीकडे खाली पाणी. गाडी उखडलेल्या जागेवरून गेली आणि पुढची चाकं नाचायला लागली. एक उडी, दुसरी, तिसरी. प्रत्येक उडीला चाक हवेत, आणि हवेतलं चाक गाडीला वळवत नाही. गाडी सरळ दगडांकडे सरकली. वीतभर अंतर राहिलं तेव्हा थांबली.

बागायतदाराने इंजिन बंद केलं.

मग तो बारीक हसला. "माझी पोरं लहान हायेत, मिस्त्री," म्हणाला. "रविवारी पळवू का नको, तुम्हीच सांगा. तुम्ही हो म्हनला तर पळवतो."

ते वाक्य मला अजून ऐकू येतं. त्याने सगळं माझ्या शब्दावर टाकलं होतं. मी म्हटलं, "दोन दिवस द्या. चोर पकडून देतो."

पुढचे दोन्ही शॉकअप काढून घेतले आणि शुक्रवारी सकाळी त्यातला एक शिकंज्यात आवळून उघडला. तेल चहाच्या ग्लासात ओतून मोजलं. पूर्ण भरलेलं. बोटांत चोळून बघितलं. पातळ नाही, चांगलं जाड, स्वच्छ. चकत्या एकावर एक नीट बसवलेल्या, एकही वाकडी नाही. दट्ट्यावर ओरखडा नाही. दहा मिनिटं मी त्या तुकड्यांकडे बघत बसलो. चोरी सापडत नाही म्हणजे चोर हुशार आहे, असं मी ठरवलं. सगळं एका पत्र्याच्या डब्यात घातलं, दुसरा शॉकअप काखेत मारला आणि बसने अंबडला गेलो.

दुपारची वेळ होती. मेव्हणी दारातच भेटली.

"या दाजी! ताई नाही आली? हात धुवा, ताटं वाढते."

"जेवायला नाही आलो."

"मग काय भांडायला आलात? तेही जेवून भांडा."

साडू आत कामाच्या फळीपाशी होता. मी डबा त्याच्यासमोर आपटला. तो उघडून त्याने तुकडे बघितले.

"उघडला होय?" एवढंच म्हणाला.

"उघडला. तुम्ही काय घातलंय ते बघायला उघडला. गाडी उडते. काल वीतभराने वाचलो आम्ही."

साडूने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही बसला होता गाडीत?"

"बसलो होतो. आता सांगा, काय केलंत?"

तो उठला. छताच्या वाशाला अडकवायचा एक लोखंडी आकडा लावलेला होता. माझ्या काखेतला शॉकअप घेऊन त्याने आकड्याला उलटा टांगला, खालच्या दांड्याला एक वजन लावलं आणि मनगटावरचं घड्याळ माझ्यासमोर धरलं. वजन हळूहळू दांडा ओढत खाली येत होतं. मधाची धार उतरते तसं. त्याने वही उघडून माझ्यासमोर ठेवली. मला वाचायला वेळ लागतो, पण आकडे वाचता येतात. वर गाडीचं चित्र काढलेलं, खाली लिहिलेलं: मूळ ७, साडूभाऊ म्हणाले ८. त्याखाली सेकंद. घड्याळात तेवढेच सेकंद झाले तेव्हा दांडा पूर्ण बाहेर आला होता.

"स्प्रिंग जितक्या जोराने परत फेकते, तितक्या जोराने याने धरायचं," साडू म्हणाला. "कमी धरलं तर गाडी उडते. जास्त धरलं तर चाक वर अडकून राहतं, खाली येतच नाही. म्हणून मी तुम्हाला आकडा विचारतो. मला तुमची स्प्रिंग बनवायची नाहीये, साडूभाऊ. आठचा जोर धरायला जेवढं पाहिजे तेवढं यात आहे. एक चकती कमी नाही, एक जास्त नाही."

मी वही मिटून त्याच्याकडे सरकवली.

"आठच ना?" त्याने विचारलं.

मेव्हणी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिच्यासमोर मी काय सांगणार होतो? की तुझ्या नवऱ्याला मी खोटं सांगितलं? सगळ्यांना सांगतो तसंच त्यालाही सांगितलं, आणि मग त्यालाच चोर ठरवलं? "आठच" म्हणून उठून जाणं सोपं होतं. माझ्या तोंडात तो शब्द तयारही होता. पण त्याच्यामागे ते चुन्याचे दगड दिसत होते, आणि त्यांच्यापलीकडचं पाणी. आठ म्हटलं की शॉकअप असेच गाडीला जाणार होते, आणि रविवारी बागायतदार मला विचारणार होता, पळवू का.

आकडा काही तोंडातून निघेना. इतक्या वर्षांची सवय.

"उठा," मी म्हटलं. "शेडवर चला."

त्याच्या स्कूटरवर मागे बसून सातपूरला आलो. मी पडद्याची गाठ सोडली. जादाची स्प्रिंग काढून घोडीला लावली. साडू हाताची घडी घालून उभा राहिला. मी वजनं ठेवायला लागलो. एक, दोन, तीन. मोठ्याने मोजत नव्हतो. आठ ठेवली तेव्हा काटा अर्ध्या इंचाच्या जरासा खाली होता. मी साडूकडे बघितलं नाही. नववं ठेवलं. दहावं. अकरावं. बारावं. तेरावं ठेवलं आणि काटा इंचाच्या खुणेवर येऊन थांबला.

साडू वाकला, काटा जवळून बघितला. "बेस आहे," म्हणाला. "अशी स्प्रिंग मी नाही बघितली." मग खिशातून वही काढली, पेन्सिल काढली आणि थांबला. "लिहू का?"

"लिहायचं नाही. डोक्यात ठेवा."

त्याने वही खिशात घातली.

परत अंबडला गेलो. या वेळी मी हात धुतले आणि जेवायला बसलो. मेव्हणी भाकरीवर भाकरी वाढत गेली. जेवण झाल्यावर साडू फळीपाशी बसला, खालच्या खणातून एक छोटी डबी काढली आणि उघडली. आत चकत्या होत्या. माझ्यासमोर त्याने एकही कापली नाही. त्यातल्याच घेतल्या, मोजून दोन्ही शॉकअपमध्ये घातल्या, तेल भरलं, वाशाला टांगून सेकंद मोजले आणि मान हलवली.

मी त्या डबीकडे बघत होतो. जुन्या चकत्या तेलाने काळ्या पडतात. या चकचकीत होत्या, कडेला कापल्याची ताजी धार होती.

"या कधी कापल्या?" मी विचारलं.

"पडून होत्या," साडू म्हणाला.

आता तुम्हीच सांगा. बुधवारी तो माझ्या शेडवर आला होता की नाही? पडद्याची गाठ बदलली होती, वजनांची उतरंड बदलली होती, आणि शुक्रवारी याच्या डबीत तेराच्या स्प्रिंगला पुरतील इतक्याच चकत्या तयार. त्याला माहीत होतं. बुधवारपासून माहीत होतं. मग तो बोलला का नाही? बागायतदाराला सरळ सांगून शॉकअप परत मागवून घेतले असते, माझं नाव गेलं असतं, काम झालं असतं. तसं त्याने केलं नाही. माझ्याच हातांनी मला तेरा वजनं उचलायला लावली. शनिवारपर्यंत मी गेलोच नसतो, तर तो आला असता का? मला वाटतं आला असता. पण खात्री नाही, आणि मी विचारलं नाही.

शनिवारी गाडी जोडली. बॉनेट दाबून सोडलं, एकदा वर आली आणि बसली. बागायतदाराने परत विचारलं, "मिस्त्री, पळवू?" मी म्हटलं, "पळवा."

रविवारी मी आणि साडू तिसऱ्या वळणावर, दगडांच्या वरच्या बाजूला उभे राहिलो. गर्दी फार नव्हती. आसपासच्या वाड्यांतली माणसं, काही कॉलेजचे, एक फुगेवाला. गाड्या एकेक येत होत्या. आमची आली तेव्हा तिचा आवाज आधी ऐकू आला. मी चाकाकडेच बघत होतो, दुसरीकडे कुठे नाही. उखडलेल्या जागेवर चाक खाली गेलं, वर आलं आणि रस्त्याला चिकटलं. गाडी वळली, दगडांपासून चांगली दूर, आणि वर निघून गेली. धूळ खाली बसली तरी मी तिथेच बघत होतो.

"एकदाच बसली," साडू म्हणाला.

"स्प्रिंग चांगली आहे," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. आणि फुगेवाल्यालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात पुढे म्हणाला, "तेराची आहे."

नंबर कितवा आला ते मला आठवत नाही, पहिला नव्हता. मोसम द्राक्षांचा होता. बागायतदाराने दोघांच्या घरी एकेक पाटी पाठवली. साडूकडची पाटी मोठी होती की माझ्याकडची, हे मी बायकोला दोनदा विचारलं. ती म्हणाली, जाऊन मोजून या.

त्यानंतर बरीच वर्षं आम्ही अशा गाड्या केल्या, स्प्रिंग माझी, शॉकअप त्याचे. बाकी सगळ्यांना मी आकडा कमी करूनच सांगत राहिलो, सवय जात नाही. साडूला खरा सांगायचो. तो दर वेळी ऐकायचा, पेन्सिल हातात धरायचा आणि गिऱ्हाइकासमोर विचारायचा, "खरा का, साडूभाऊ?" मला राग यायचा. मी हो म्हणायचो.

पडद्याला गाठ मारणंही मी सोडलं नाही. फक्त साडू येणार असेल त्या दिवशी सैल मारायचो.